देव जवळ आहे म्हणतात, पण जाणवत नाही. अशा वेळी तुम्ही नेमकं काय करता?

नानापेठेतली
सर्वांना नमस्कार, आपल्या लोकांना सलाम.

इथे ख्रिस्ती सभासद फार नाहीत हे माहीत आहे, तरी इथेच विचारते. चर्चच्या मंडळीत विषय काढला की लगेच कोणीतरी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात करतं. मला सध्या बोलायला माणूस हवंय.

गेल्या पावसाळ्यात नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरचा काय म्हणतोय ते सगळं कळतं, शब्द मात्र येत नाहीत. अजून पन्नाशी गाठायचीय. चर्चच्या गायनमंडळात टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गायचा. नोकरी खाजगी, त्यामुळे पगार बंद. मुलगी दहावीला. सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून असतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.

मी तिसऱ्या पिढीतली ख्रिस्ती. तेविसावं स्तोत्र शाळेत जायच्या आधी पाठ होतं. 'तू माझ्याबरोबर आहेस' हे त्यातलं वाक्य रात्री त्याची कूस बदलताना आपोआप तोंडात येतं, आणि खोलीत आमच्या दोघांशिवाय कोणी आहे असं अजिबात वाटत नाही. देवावर राग असता तरी चाललं असतं. काहीच वाटत नाही.

त्यात भेटायला येणारे. एक बाई म्हणाल्या, देव ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांचीच परीक्षा घेतो. एकांनी यिर्मया 29:11 ची, म्हणजे 'तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत' या वचनाची, फ्रेम आणून दिली. एका नव्या मंडळीचे पाळक (पास्टर) आले आणि चहा घेता घेता विचारलं, घरात कबूल न केलेलं काही पाप आहे का? तेव्हापासून बेल वाजली की मी आधी गॅलरीतून वाकून बघते.

तर प्रश्न असा: 'विश्वास ठेवा' हे सोडून सांगा. देव जवळ आहे असं मानायचं पण जाणवत नाही, अशा दिवसांत तुम्ही सकाळी उठून काय करता? ख्रिस्ती नसलात तरी लिहा. फक्त 'सगळं थोतांड आहे' एवढंच लिहायचं असेल तर वेगळा धागा काढा.

कटिंग
पाळकांना चहा दिलात इथेच चुकलं. पुण्यात पापाची चौकशी करणाऱ्याला फार तर पाणी विचारायचं असतं.

(ताई, थट्टा सोडा. मनापासून वाईट वाटलं. कामाला हात लागत असतील तर सांगा, मी भवानी पेठेत असतो.)

रात्रपाळी
मी नर्स आहे, बरीच वर्षं आयसीयूत काढली. मीही मंडळीतलीच. थेट कामाचं बोलते.

1) तुम्ही स्वतः किती झोपता?
2) मिस्टरांना फिजिओथेरपी आणि वाचोपचार चालू आहेत का? पहिले काही महिने फार मोलाचे असतात, नंतर सुधारणा होतच नाही असं नाही पण वेग मंदावतो.
3) पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एका रुग्णाला नैराश्य येतं. बोलता येत नसेल तर ते ओळखायलाही उशीर होतो. डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि सांभाळणाऱ्या माणसालाही येतं. 'राग नाही, काहीच वाटत नाही' हे तुमचं वाक्य वाचून मी जरा सावध झाले.

आता देवाचं. बायबलातलं 1 राजे, अध्याय 19 काढा. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम केलेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली जाऊन पडतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही, वचन म्हणून दाखवायला लावत नाही. देवदूत येतो तो भाकर आणि पाणी घेऊन. खा म्हणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खा म्हणतो. देवाचं बोलणं त्यानंतर, कितीतरी दिवसांनी. आमच्याकडे आयसीयूबाहेर बाकावर बसलेल्या बायकांना मी हेच सांगते, फक्त भाकरीच्या जागी कँटीनचा उपमा असतो.

पेठी_नास्तिक
धागाकर्तीच्या अटीचा मान ठेवून लिहितो. थोतांड म्हणणार नाही, पण एक प्रामाणिक शंका आहे. देव जाणवला तर तो आहे. नाही जाणवला तरी आहे, तुमची परीक्षा चाललीय. नवरा बरा झाला तर देवाची कृपा, नाही झाला तर देवाची योजना. मग तो नाही असं तुम्ही कधी म्हणाल? तसा एकही प्रसंग कल्पनेत बसत नसेल, तर 'आहे' म्हणण्याला अर्थ काय उरतो?

भांडायला नाही विचारत. माझी आई गेली तेव्हा सगळे नातेवाईक असंच दोन्ही बाजूंनी बोलत होते, फक्त देवाचं नाव वेगळं होतं.

नानापेठेतली
रात्रपाळी ताई, झोप तुकड्यातुकड्यांनी. फिजिओ घरी येतात. वाचोपचार महिनाभर झाले, मग पैशांमुळे थांबवले. नैराश्याचं कोणी बोललंच नव्हतं, विचारते.

पेठी_नास्तिक, तुमच्या प्रश्नाचा मला त्रास झाला नाही. खरं तर हाच प्रश्न मला रात्री पडतो, फक्त इतक्या नीटनेटक्या वाक्यांत नाही.

हडपसरचा_साक्षीदार
प्रभूची स्तुती असो.

ताई, मी शिकलेला माणूस नाही. टेम्पो चालवतो. माझी साक्ष एवढीच की मी दारूत बुडालो होतो, बायको पोराला घेऊन माहेरी गेली होती, आणि प्रभूने मला उचललं. एका रात्रीत नाही. आमच्या मंडळीतले दोन भाऊ रोज संध्याकाळी घरी येऊन बसायचे, गुत्त्याची वेळ टळेपर्यंत उठायचे नाहीत.

पण मला एक खटकतंय, ते बोलतो. हल्ली शिकलेले ख्रिस्ती लोक बरं होणं मागायलाच लाजतात. येशूने आंधळ्याला, लुळ्याला, मुक्याला बरं केलं, हे तुम्ही वाचता की नाही? मग मागा ना! मोठ्याने मागा. नुसतं 'सहन करायची शक्ती दे' असं सभ्यपणे काय मागायचं? मी तुमच्या मिस्टरांसाठी वाचा परत यावी म्हणूनच प्रार्थना करणार.

पापाचं विचारणाऱ्या पाळकांचं मात्र चुकलं. योहान 9 मध्ये शिष्य हेच विचारतात, हा जन्मांध निपजला ते पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. त्यांनी तो अध्याय वाचला नसावा.

वसईकर_पुण्यात
साक्षीदार भाऊंशी निम्मा सहमत. मागावं, जरूर मागावं. आम्हा कॅथलिकांत आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायचा संस्कारच आहे, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्याचा आधार. पण प्रेषित पौलाचंही वाचा: शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिलाच. 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल?

नास्तिक मित्राला: मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या. त्यांची पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपात आली तेव्हा जगाला कळलं की या बाईला कित्येक दशकं देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. आतून कोरडं, अंधार. माझ्या आईला ते ऐकून धक्का बसला होता. मला उलट बरं वाटलं, कारण आपण एकटेच असे नाही.

पेठी_नास्तिक
ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. इतक्या मोठ्या श्रद्धावान बाईला आयुष्यभर आतून उत्तर आलं नाही, तर सरळ निष्कर्ष काय निघतो?

वसईकर_पुण्यात
निष्कर्ष तुम्ही काढा. मी एवढंच बघतो की त्या रोज सकाळी उठून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेल्या आणि नंतर रस्त्यावरच्या मरणाऱ्यांकडे. जाणवणं ही अट त्यांनी घातली नाही. तुम्हाला हा भ्रम वाटेल, मला निष्ठा वाटते. पुरावा म्हणून मी ते कोर्टात मांडणार नाही.

वारीतला
मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे. धागा वाचून राहवलं नाही.

तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. धंदा बुडाला, मान गेला. आणि मग तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले! आज कोणी देवळात तसं बोललं तर विश्वस्त बाहेर काढतील. आमचे आजोबा म्हणायचे, भांडण त्याच्याशीच होतं जो घरात आहे असं आपण धरून चालतो.

ताई, तुमच्यात देवाशी भांडायची मुभा आहे का? हे खरंच माहीत नाही म्हणून विचारतो.

गायनमंडळातला_बेस
आहे. भरपूर आहे. रविवारी कोणी सांगत नाही एवढंच.

सत्तरी ओलांडलेला माणूस आहे मी, पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलो. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळपास तिसरा हिस्सा रडगाणी, गाऱ्हाणी, तक्रारी आहेत. 'हे परमेश्वरा, कुठवर?' असं विचारणारं तेरावं. अठ्ठ्याऐंशीवं तर असं की बाकीच्या गाऱ्हाण्यांत शेवटाला थोडा तरी धीर येतो, यात येत नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्राची जुळणी केली त्यांनी ते वगळलं नाही, शेवट गोड करून घेतला नाही. तेविसावं आपण लग्नात, मयतीला, शाळेत सगळीकडे म्हणतो. पण त्याच्या मागचंच बाविसावं स्तोत्र 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं सुरू होतं, आणि प्रभू वधस्तंभावर तेच म्हणाला. देवाच्या पुत्राला ज्या घडीला पिता जवळ जाणवला नाही, त्या घडीचं स्तोत्र त्याला पाठ होतं. माझ्या दृष्टीने ख्रिस्ती विश्वासाचा गाभा हाच आहे, बाकी नाताळचे दिवे.

फ्रेम देणाऱ्यांना सांगा की यिर्मया 29:11 च्या आधी 29:10 पण आहे. हे पत्र बाबेलात धरून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं. बाबेलात सत्तर वर्षं राहावं लागेल, मग मी तुम्हाला परत आणीन. पत्र ज्यांना वाचून दाखवलं गेलं त्यांतले बहुतेक बाबेलातच मेले. पत्रात त्यांना काय सांगितलंय? घरं बांधा, बागा लावा, लेकालेकींची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता. एवढं सगळं फ्रेममध्ये मावत नाही.

वारीतले बुवा, आमचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. तेव्हा तुम्ही परके नाही.

कटिंग
पंचहौद म्हटलं की मला 1890 चा चहाच आठवतो. मिशनात चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि रानड्यांसकट किती जणांवर बहिष्काराची वेळ आली! म्हणजे पुण्यात ख्रिस्ती माणसाकडचा चहा हा ऐतिहासिक विषय आहे, आणि ताईंकडे तो पाळकांना फुकट मिळाला.

लष्करातला
अवांतर: ताई नाना पेठेतल्या म्हणजे क्वार्टर गेटचं सिटी चर्च जवळच. ते 1792 चं आहे. पेशव्यांच्या सैन्यात ख्रिस्ती शिपाई-अधिकारी होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी जागा दिली. 'ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांबरोबर आलेले' म्हणणाऱ्यांना मी ही तारीख ऐकवतो.

वसईकर_पुण्यात
वसईत त्याच्याही आधी अडीचशे वर्षं. पण असो, तो धागा वेगळा, आणि तिथे आपण आधीच भांडलोय.

संपादक
अवांतर आटोपतं घ्यावं, ही विनंती. धागाकर्तीचा प्रश्न वर आहे.

केडगाव_पॅसेंजर
मी दौंड लाईनवरचा, त्यामुळे पंडिता रमाबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनात, माझी आजी वाढली.

रमाबाईंचं आयुष्य नुसतं मृत्यूंच्या क्रमाने वाचून बघा. दुष्काळात पायी फिरताना आई, वडील, थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतर, 1883 मध्ये. म्हणजे 'ख्रिस्ती झाल्या आणि सुख आलं' असं मुळीच नाही. 1896 च्या पुढच्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलीबायका केडगावला आणल्या. आणि 1921 मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या. मधल्या काळात त्या काय करत होत्या? बायबलचं मराठी भाषांतर. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायांना कळेल असं.

ताईंचा प्रश्न 'काय करता' असा आहे म्हणून सांगतोय. रमाबाईंनी त्या महिन्यांत समोर होतं ते काम केलं. आतून काय जाणवत होतं ते त्यांनाच ठाऊक.

हडपसरचा_साक्षीदार
रमाबाई फार मोठ्या. पण मुक्ती मिशनात 1905 मध्ये मोठं संजीवन झालं, मुली रात्ररात्र रडून प्रार्थना करत होत्या, तेही सांगा की. नुसतं काम काम केलं नाही त्यांनी, मागितलंही.

केडगाव_पॅसेंजर
मान्य. दोन्ही केलं.

अनामिक_वाचक
मी बराच काळ फक्त वाचणारी सभासद आहे, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझा मुलगा गेला. काय झालं ते लिहीत नाही. त्यानंतर मला सर्वांत जास्त त्रास 'रोमकरांस 8:28' या वचनाने दिला, सगळं मिळून चांगल्यासाठी होतं ते. वचन खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मयताच्या घरी ते दुसऱ्याने म्हणायचं नसतं. बायबलातल्या ईयोबाची मुलंबाळं, सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक अक्षर बोलले नाहीत. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं, आणि शेवटी देवच त्यांना म्हणाला की माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही. जो देवाला जाब विचारत होता तो.

मला लाजराच्या बहिणींची गोष्ट पुरली. निरोप मिळूनही येशू दोन दिवस तिथेच राहिला, निघालाच नाही. आला तेव्हा भाऊ थडग्यात होता. मार्था म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीयाही येऊन अगदी तेच म्हणाली. त्या दोघींनी आधी घरात एकमेकींना ते वाक्य कितीदा म्हटलं असेल! त्याने एकीलाही गप्प केलं नाही. स्वतः रडला. आणि मग चार दिवस थडग्यात असलेल्या लाजराला जिवंत बाहेर बोलावलं. मी अजून चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आणि मनात तेच म्हणते, तू असतास तर. माझा मुलगा चौथ्या दिवशी बाहेर येणार नाही हे मला माहीत आहे. पण म्हणते मी त्यालाच.

पेठी_नास्तिक
यावर मी काही लिहीत नाही. नमस्कार.

रात्रपाळी
अनामिक ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

स्वरयंत्र
मी वाचोपचारतज्ज्ञ आहे. धार्मिक नाही. धाग्यातलं एक वाक्य कोणी धरलं नाही, मी धरते: 'गायनमंडळात टेनर गायचा.'

बहुतेक लोकांची भाषेची केंद्रं मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. म्हणून उजवं अंग लुळं पडतं तेव्हा बऱ्याचदा वाचाही जाते. याला अफेझिया म्हणतात. पण सूर आणि चाल यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. त्यामुळे 'पाणी' हा शब्द न सापडणारा माणूस कधी कधी लहानपणापासूनचं गाणं शब्दांसकट म्हणतो. पाठ असलेल्या गोष्टींचंही तसंच: अंक, वार, प्रार्थना. शिव्याही. या वाटेने उपचार करायची एक पद्धतच आहे, आधी गुणगुणणं, सोबत डाव्या हाताने ताल, मग वाक्य सुरात, मग हळूहळू सूर कमी करायचा.

प्रत्येकाला जमत नाही, मी आशा विकत नाहीये. पण घरी करून बघायला पैसे लागत नाहीत. त्यांना लहानपणापासून येणारं भक्तिगीत निवडा. समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश म्हणा, त्यांचा डावा हात हातात घेऊन ताल धरा. शब्द चुकले तर दुरुस्त करू नका. दमले की थांबा. शहरातल्या काही रुग्णालयांत आणि वाचोपचार शिकवणाऱ्या संस्थांत कमी खर्चात सत्रं असतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगते.

कटिंग
शिव्या शिल्लक राहतात हे ऐकून पुणेकर म्हणून निश्चिंत झालो.

हडपसरचा_साक्षीदार
बघा ताई. कोणाच्या हातून मदत आली! त्या म्हणतात मी धार्मिक नाही. प्रभू कोणालाही वापरतो.

स्वरयंत्र
दादा, मला कोणी वापरलेलं नाही, मी पदवी घेतलीय. 🙂 पण राग नाही.

नानापेठेतली
उशिरा लिहितेय, माफ करा. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही.

नैराश्याचं डॉक्टरांना विचारलं. त्याला गोळी सुरू केली आहे. मलाही कोणाशी तरी बोलायला जा म्हणाले, वेळ घेतली आहे. सासूबाईंना रात्रीचे दोन तास बसायला सांगितलं. मला वाटत होतं त्यांना जमणार नाही, आणि त्या वाट बघत होत्या की कोणी काम सांगेल. त्या वेळात मी झोपते.

स्वरयंत्र ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसलो. गाण्याने काही झालं नाही. त्याने मान वळवली, स्वतःचा गेलेला आवाज ऐकायला त्याला नको वाटत असावं. मग एका संध्याकाळी मुलगी जेवणाआधी प्रभूची प्रार्थना म्हणत होती, नेहमीच्या घाईने, आणि 'आमची रोजची भाकर' या ठिकाणी तिसरा आवाज आला. जाडा, लडबडता, पण शब्द ओळखू येत होते. 'आज आम्हांस दे' पर्यंत आला आणि थांबला. आम्ही कोणी हललो नाही. मग त्याला स्वतःलाच ते कळलं आणि तो इतका चिडला की डाव्या हाताने ताट ढकलून दिलं. भाजी भिंतीवर. माझं नाव अजून त्याला म्हणता येत नाही. मुलीचंही नाही.

लगेच चमत्कार म्हणू नका. आणि लगेच मेंदूची डावी-उजवी बाजू पण सांगू नका. दोन्हींचा मला कंटाळा आलाय.

हडपसरचा_साक्षीदार
आमेन. गप्प बसतो.

पेठी_नास्तिक
मीही. फक्त एक, भाजी कुठली होती? तेल असेल तर भिंतीला आधी खडूची पूड लावा, मग पुसा.

नानापेठेतली
घेवडा. 🙂

पेठी_नास्तिक, तुमच्या मूळ प्रश्नावर मी विचार केला. 'नाही असं कधी म्हणाल?' खरं सांगू, मी कदाचित म्हणेनही एखाद्या दिवशी. आज म्हणत नाही. आज मला तो जाणवत नाही, आणि तरी मी गाऱ्हाणं त्याच्याकडेच नेते, अनामिक ताईंसारखं. तुम्ही याला सवय म्हणाल. असेल. माझ्या आजोबांनी गाव, जात, जमिनीतला वाटा सोडून ही सवय लावून घेतली होती, ती मला इतक्यात टाकवत नाही.

सकाळी काय करते ते सांगते, कारण प्रश्न मीच विचारला होता. बेसकाका, मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र म्हणते. मोठ्याने, ओट्यापाशी. तेविसावं सध्या जमत नाही. पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, आई हे काय भयंकर म्हणतेस. मग ती पण ऐकायला थांबायला लागली. ते संपलं की शेवटाला काही जोडत नाही, आमेनसुद्धा नाही, आणि कुकर लावते. आणि फ्रेमच्या मागे कागदावर 29:10 लिहून चिकटवलंय.

ती फ्रेम देणारी बाई परवा आली. मी धीर करून सांगितलं, वचन नको, धुणं वाळत घालाल का? घातलं तिने. जाताना म्हणाली, मला काय बोलावं ते कळत नव्हतं गं, म्हणून फ्रेम आणली होती.

अनामिक_वाचक
ताई, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी मोकळी असते. स्वयंपाक बरा येतो. बोलणार नाही जास्त. व्यनि केलाय.

वारीतला
घेवड्याची भाजी भिंतीवर फेकणारा माणूस म्हणजे अंगात रग शिल्लक आहे. चांगलं लक्षण.

स्वरयंत्र
वारीतले, तुम्ही गमतीत लिहिलंत पण चिडणं म्हणजे त्यांना स्वतःची चूक कळतेय. उपचाराच्या दृष्टीने मला ते हवंच असतं. ताई, पुढच्या वेळी प्रार्थना मुद्दाम सावकाश म्हणा, 'भाकर' शब्दाआधी थांबा, त्यांच्यासाठी जागा ठेवा. आले तर आले. गाणं सध्या सोडून द्या, किंवा दुसऱ्या कोणीतरी गायला घ्या, तुम्ही नको.

गायनमंडळातला_बेस
'दुसरं कोणीतरी' म्हणजे आम्ही. ताई, तुमच्या मिस्टरांना मी बहुतेक ओळखतो, नाव इथे लिहीत नाही. मंडळातले आम्ही तिघे-चौघे शनिवारी संध्याकाळी सराव करतो, तो तुमच्याकडे करू. त्यांना गायला सांगणार नाही. आम्ही आमचं गाऊ, ते चुका काढतील. पूर्वीही डोळ्यांनीच काढायचे. टेनरची जागा रिकामी ठेवू. पेटी आणली तर चालेल का?

नानापेठेतली
जिना अरुंद आहे काका, पेटी वळणावर अडकेल. सूरपेटीचं ॲप चालेल. आणि सहाच्या आत या, सातला खालच्या काकूंची मालिका असते.

कटिंग
पेटी मी चढवतो. भवानी पेठेत आयुष्य गेलंय, याहून अरुंद जिन्यांतून कपाटं नेलीत. चहा मात्र लागेल.